‘सिग्नल टॉवर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: अमेरिकेतल्या एका आडगावच्या रेल्वे जंक्शनचा इतिहास मराठीत आणते आहे. ‘सिग्नल टॉवर’साठी ‘संकेत-मनोरा’ लिहिलं, पण वाचताना किल्ल्याचा बुरूज डोळ्यांपुढे येतो. दुसरा शब्द आहे का?

उत्तर: आहे की, ‘केबिन’. माझे वडील रेल्वेत सांधेवाले होते, म्हणजे गाडीसाठी रुळांचे सांधे बदलणारे. आमच्या घरात ‘आज केबिनला ड्यूटी’ हेच ऐकलं, मनोरा कधीच नाही. रूळ लांबवर दिसावेत म्हणून वरच्या मजल्याला काचा आणि आत सांधे आणि सिग्नल हलवणाऱ्या लिव्हरांची रांग, ही इमारत दोन्हीकडे सारखीच. अमेरिकी माणसाला तिची उंची दिसली, आपल्याला तिच्यातली खोली, म्हणजे केबिन. ‘सांधा’ही जरूर वापरा. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या जोडाला इतका नेमका शब्द दुसरा नाही.

‘इंटरलॉकिंग’ मात्र तसंच ठेवा आणि एका वाक्यात उलगडून सांगा: सांधा नीट बसल्याशिवाय सिग्नलचा लिव्हर हलतच नाही. इंग्लंडमध्ये जॉन सॅक्स्बी यांनी १८५६ साली याचं पेटंट घेतलं. आडगावी शेतांच्या मधोमध केबिन कशाला, असा प्रश्न तुमच्या वाचकाला पडेल; त्याचं उत्तरही इथेच आहे. अमेरिकेत दोन कंपन्यांचे रूळ एकमेकांना छेदत, आणि अनेक राज्यांत अशा छेदापाशी प्रत्येक गाडीने थांबायचं असा कायदा होता. इंटरलॉकिंग बसवलं की न थांबता जाता येई.

प्रश्न: धन्यवाद! मग गाडीला वाट मिळाली तिथे ‘सिग्नल पडला’ लिहू ना?

उत्तर: इथे जपून. आपल्याकडच्या जुन्या सिग्नलचा हात, म्हणजे खांबावरची पट्टी, आडवा असला की गाडी थांबे, खाली झुकला की निघे. म्हणून ‘सिग्नल पडला’ म्हणजे वाट मोकळी. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वाट मोकळी असली की वर उठणारे हात आले. हात ओढणारी तार तुटली तर तो स्वतःच्या वजनाने खाली येऊन आडवा होई, म्हणजे ‘थांबा’. तिथे ‘पडला’चा अर्थ नेमका उलटा! त्याआधीच्या काळात तिकडेही हात खालीच झुकत, तेव्हा प्रसंग कोणत्या सालचा आहे ते आधी पाहा. साल कळत नसेल तर ‘सिग्नल दिला’ लिहा, दोन्हीकडे चालतं.