'धन्स', 'विकांत' आणि 'कायप्पा'
'दोन शब्द चिकटवले की झाला नवा शब्द' या विधानाशी मी अर्धाच सहमत. दोन्ही शब्द अख्खे राहिले तर तो साधा समास. जोडशब्दाची गंमत छाटण्यात आहे. 'धन्स' बघा: धन्यवादचं डोकं, थँक्सचं शेपूट. इंग्रजीतला 'ब्रंच' (ब्रेकफास्ट आणि लंच) याच जातीचा, 19व्या शतकाच्या अखेरीचा. इंग्रज लेखक ल्युईस कॅरलने 1871 मध्ये अशा शब्दांना दोन कप्प्यांच्या प्रवासी बॅगेचं, 'पोर्टमँटो'चं नाव दिलं.

फेसबुकला म्हणतात तो 'चेपु' मात्र यात बसत नाही. ती 'चेहरापुस्तक'ची आद्याक्षरं, म्हणजे निव्वळ लघुरूप.

मला सगळ्यात आवडतो तो 'विकांत'. वीकएंडमधला एंड काढून 'अंत' बसवला आणि चक्क सवर्णदीर्घ संधी (अ + अ = आ) केला! बोलताना आपण 'वीक्' असंच म्हणतो, म्हणजे खरं तर 'वीकंत' व्हायला हवं होतं. 'कायप्पा'त (म्हणजे व्हॉट्सॲपमध्ये) नेमकं तेच झालंय. संधीच्या नियमाने काय + अप्पा = 'कायाप्पा' झालं असतं, पण तिथे जिभेने व्याकरणावर मात केली. (व्हॉट्सचं भाषांतर आणि ॲपचा थेट अप्पा, हा आगाऊपणा वेगळाच.)

'विकांत' टिकला त्याला माझ्या मते आणखी एक कारण आहे: तो 'निवांत', 'एकांत' यांच्या पंगतीत बसतो. 'आठवडाअखेर' अर्थाने चोख आहे, पण त्यात सुट्टीचा वासच येत नाही.