प्रति: डेन्मार्कमधला पगार
वर कुणीतरी लिहिलंय की डेन्मार्कमध्ये निम्मा पगार सरकारच खातं. तसं नाहीये, साध्या नोकरदाराचं तरी नाही. महिना ४०,००० क्रोनर (तिथलं चलन) पगार धरा आणि २०२५चे दर लावा. आधी ८ टक्के 'एएम-बिद्राग' (प्रत्येक नोकरदाराच्या पगारातून सगळ्यात आधी कापला जाणारा श्रमबाजार कर) जातं, म्हणजे ३,२००. उरलेल्यातून महिन्याला ४,३०० करमुक्त. बाकीवर नगरपालिकेचा साधारण २५ टक्के आणि सरकारचा १२ टक्के कर. नोकरदारांना मिळणारी वेगळी वजावट धरली की हातात सव्वीस हजारांच्या आसपास पडतात (पेन्शनचा वाटा यात धरलेला नाही). म्हणजे एकूण कपात साधारण ३५ टक्के.

तरी डेन्मार्कचा कर इतका मोठा का वाटतो? जर्मनीसारख्या देशात आरोग्य विमा, पेन्शन वगैरे कराव्यतिरिक्त वेगळं कापतात. डेन्मार्कमध्ये डॉक्टर, हॉस्पिटल, कॉलेजची फी सगळं बहुतांशी करातूनच भागतं, त्यामुळे पगारपत्रकावर कर तेवढा डोळ्यात भरतो. दातांच्या डॉक्टरचं बरंचसं बिल मात्र मोठ्या माणसांना स्वतःच भरावं लागतं!

खरी मेख पगार हातात आल्यावर आहे. जवळजवळ प्रत्येक खरेदीवर २५ टक्के व्हॅट, दूध-पावालासुद्धा सूट नाही. त्यामुळे हातातल्या सव्वीस हजारांना थेट रुपयांनी गुणून हुरळू नका.

आणि तिथे कायद्याने ठरलेलं किमान वेतनच नाही. दर ठरतात ते युनियन आणि मालकसंघटनांच्या करारांतून. ऑफर लेटर आलं की आपल्या कामाला असा करार लागू आहे का, हे आधी विचारा.