मदत हवी आहे: पाळकांची करसवलत आणि निवृत्तीनंतरची मिळकत (अमेरिका)

नमस्कार. माझे यजमान मिशिगनमध्ये एका लहान मंडळीचे (चर्चचे) पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, आहेत. अहमदनगर जिल्ह्यात १४ वर्षे सेवा करून आम्ही २००८ मध्ये येथे आलो. आता ते ५७ वर्षांचे आहेत, मी ५५ वर्षांची. निवृत्तीचा हिशेब मांडायला बसलो, तेव्हा इतकी वर्षे ज्या सवलतींचे अप्रूप होते त्यांचीच धास्ती वाटू लागली.

येथे पाळकाला मिळालेल्या घराच्या भाडेमूल्यावर आयकर लागत नाही. मात्र सोशल सिक्युरिटीसाठी (सरकारी निवृत्तिवेतनाचा विमा) पाळक स्वयंरोजगारी धरला जातो, त्यामुळे इतर नोकरदारांचा जो १५.३ टक्के कर मालक आणि कामगार निम्मा-निम्मा भरतात, तो पाळकाला घराचे भाडेमूल्य धरून एकट्याने भरावा लागतो. २०१० च्या एप्रिलमध्ये एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी "पैसे वाचतील" असे सांगून या करातून सूट मागणारा ४३६१ क्रमांकाचा अर्ज पुढे केला. अशा सार्वजनिक विम्याला आपला धार्मिक कारणाने विरोध आहे, असे त्यात प्रतिज्ञेवर लिहून द्यायचे असते. यांनी तो वाचून सही केली की विश्वासाने, हे मी आता विचारत नाही. मंजूर झालेली ही सूट मागे घेता येत नाही, आणि १९९९ च्या कायद्याने माघारीसाठी दिलेली मुदत आम्ही येण्याआधीच, २००२ मध्ये, संपली होती.

गेल्या महिन्यात यांचे सोशल सिक्युरिटीचे विवरणपत्र छापून घेतले. वर्षापुढे वर्ष आणि प्रत्येकासमोर शून्य. फक्त २०१९ ते २०२१ या तीन ओळींत रक्कम दिसते, कारण तेव्हा हे रात्रपाळीला एका गोदामात खोकी भरत असत. त्याचे १२ क्रेडिट (कर भरलेल्या कमाईवर मिळणारे पात्रतेचे गुण) झाले. निवृत्तिवेतनाला ४० लागतात. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नसल्यामुळे नगरकडील सेवा येथे धरली जात नाही. राहते घर मंडळीचे, त्यामुळे निवृत्तीच्या दिवशी किल्ली परत द्यावी लागेल.

माझी ४० क्रेडिट शाळेच्या उपाहारगृहातील नोकरीतून पूर्ण झाली आहेत. माझ्या नोंदीवर यांना ६५ व्या वर्षी मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) मिळू शकेल, आणि मी निवृत्तिवेतन सुरू केल्यावर त्याच्या जास्तीत जास्त निम्म्याइतका पती म्हणून लाभही. उरलेल्या २८ क्रेडिटसाठी यांना मंडळीबाहेरचे काम सात वर्षे करावे लागेल (२०२५ मध्ये चार क्रेडिटसाठी ७,२४० डॉलर कमाई लागत होती). परंतु निवृत्तिवेतन ३५ वर्षांच्या सरासरीवर ठरत असल्याने एवढ्या कमाईवर हाती फार थोडे येईल. माझ्या नोंदीवरील लाभापेक्षा ते जास्त होणार नसेल, तर गुडघे दुखत असताना यांनी पुन्हा रात्रपाळी धरावी का?

दुसरा प्रश्न यांच्या ४०३(बी) खात्याचा, म्हणजे चर्चच्या योजनेतील निवृत्ती-बचतीचा. एक सल्लागार ते पैसे आयआरएमध्ये (वैयक्तिक निवृत्ती-बचत खाते) वळवा म्हणतात. माझ्या समजुतीप्रमाणे चर्चच्या योजनेतून काढलेली रक्कम निवृत्त पाळकाला घरभत्ता म्हणून, प्रत्यक्ष घरखर्चाच्या मर्यादेत, आयकरमुक्त घेता येते. आयआरएत गेल्यावर ती सोय जाते. शिवाय पाळकाच्या विधवेला ही सवलत मिळतच नाही. तेव्हा पैसे तेथेच ठेवून यांच्या हयातीत घरासाठी आधी वापरावेत आणि माझी स्वतःची बचत मागे राखावी, असा क्रम कोणी प्रत्यक्ष लावला आहे का? पाळकांची विवरणपत्रे नेहमी भरणाऱ्या जाणकारांनी कृपया लिहावे. सल्लागारांना या महिनाअखेर उत्तर द्यायचे आहे.