वजन उचलताना श्वास कोंडलाय कधी? अनुभव लिहा

काल लेकाने भरलेला सिलिंडर उचलला. गाल फुगलेले, मानेच्या शिरा तट्ट. मी ओरडलेच, "अरे, श्वास सोड!" बारा वर्षांपूर्वीची जिम आठवली. लेगप्रेसचे (पायांनी वजन ढकलायचं मशीन) शेवटचे दोन रेप, म्हणजे आवर्तनं, दात आवळून रेटले, उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी. श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा हे तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. तुमचं काय झालं होतं?

बापरे! लागलं नाही ना? मी बेंचप्रेसला (बाकावर आडवं पडून वजन वर ढकलणं) उलटंच करायचे, ढकलताना श्वास आत. ट्रेनरने रेप मोठ्याने मोजायला लावले. आकडा म्हणताना श्वास आपसूक बाहेर पडतो.

आमचे वस्ताद जोर मारताना पाठीवर हात ठेवायचे. खाली जाताना आत, वर येताना बाहेर. दम अडला की थाप बसायची! नंतर बदाम-खसखशीची थंडाई. ती चव पुन्हा नाही मिळाली.

फिजिओ आहे, दोन पेशंटच्या मधे लिहितेय. असा श्वास कोंडून जोर लावण्याला वलसाल्व्हा म्हणतात, तीनशे वर्षांपूर्वीच्या इटालियन वैद्याच्या नावावरून. घसा बंद करून जोर लावला की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. जोर सोडला की बीपी एकदम उतरतं, म्हणून अंधारी. १९८५ मध्ये कॅनडात पाच बॉडीबिल्डर्सच्या धमनीत नळी घालून बीपी मोजलं होतं. दोन्ही पायांच्या लेगप्रेसला सरासरी ३२०/२५०! धागाकर्ती, तुझं बीपी तपासलंस का?

जड डेडलिफ्टला (जमिनीवरून वजन उचलणं) मी श्वास मुद्दाम कोंडतो, कणा सावरला जातो. पण पोटात चहूबाजूंनी हवा भरून, खांदे न उचलता, आणि एका रेपपुरतंच. बीपी किंवा हर्निया असेल तर अजिबात नको.

खसखस किती वेळ भिजवायची?

रात्रभर. बदामही. पाट्यावर वाटा, मिक्सरमध्ये ती मजा नाही.

सिझेरियननंतर मला पहिला व्यायाम दिला तो हाच: बाळाला उचलताना फुंकर. बाळ आता आठ किलोचं, फुंकर सुटली नाही. उठलं वाटतं, जाते.

फिजिओताई, तेव्हा बीपी नॉर्मल होतं. पण त्या दिवशी उपास होता, हे आत्ता लिहिताना आठवलं.

अगं, मग तेही कारण असणार! आधी काहीतरी खाऊन जा.

पाटा नाहीये हो आमच्याकडे. खलबत्ता चालेल?