टिंगेलीचं स्वतःला मोडणारं यंत्र: इंजिनिअर कशाला लागला?

मृण्मयी_रेघ: कलेतिहासाच्या तासाला स्विस शिल्पकार जाँ टिंगेलीचं ‘होमेज टू न्यूयॉर्क’ हे यंत्र-शिल्प आलं. 17 मार्च 1960, न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टची बाग. सायकलची चाकं, पियानो, मोटरी, बाथटब; सुरू झालं आणि स्वतःलाच मोडत 27 मिनिटांत खेळ आटोपला. सरांनी ‘यंत्रयुगावरचं भाष्य’ म्हणून पान उलटलं. पण मोडायचंच होतं तर बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतला इंजिनिअर बिली क्लूव्हर मदतीला कशाला?

वाइंडिंगवाले_काका: अगं, नुसतं मोडायला कुणी लागत नाही. भोसरीत आयुष्यभर मेंटेनन्स केला, मशिनं आपली आपणच मोडायची. ठरल्या क्रमानं मोडायचं असेल तर मात्र डोकं लागतं. क्लूव्हरच्या मंडळींनी टायमर बसवले. काही सांधे कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचे, आत रेझिस्टर. करंट दिला की रेझिस्टर तापतो, सांधा गळतो, सांगाडा वाकतो. फ्यूजचंच तत्त्व, फक्त फ्यूज मशिन वाचवायला असतो, इथे मोडायला.

आणि तरी घोळ झालाच! यंत्रात चित्रं काढणारा एक भागही होता, त्याचा पट्टा उलटा चढला, कागद भलत्याच दिशेला गुंडाळला गेला. घाईत पट्टा चढवला की हे होणारच, तिथे कलाकार असो की फिटर. पियानोला आग लावायची हे ठरलेलंच होतं, पण शेवटी अग्निशमनवाल्याला मध्ये पडावं लागलं.

कोरा_कॅनव्हास: काका, तुम्ही सगळं नटबोल्टवर आणता. काळ बघा ना. 1962 मध्ये याच माणसानं नेवाडाच्या वाळवंटात ‘जगाच्या अंताचा अभ्यास’ म्हणून स्फोट घडवले. अणुचाचण्या त्याच राज्यात चालायच्या. ही भीतीच आहे.

वाइंडिंगवाले_काका: नेवाडाचं मान्य. पण 1959 ची त्याची ‘मेटा-मॅटिक’ यंत्रं बघ. मोटर, पुली, पेन धरलेला हात, आणि कागदावर दर वेळी वेगळं अमूर्त चित्र. 17 नंबरचं तर पेट्रोल इंजिनवर चालायचं, धूर फुग्यात भरायचा आणि वर सुगंध सोडायचं! घाबरलेला माणूस इतकी थट्टा करत नाही. पॅरिसच्या अमूर्त चित्रकारांना त्यानं चिमटा काढलाय, असं मला वाटतं.

मृण्मयी_रेघ: फ्यूजचं पटलं, काका. सादरीकरणात घेते. त्या न्यूयॉर्कच्या यंत्राचं काही उरलंय का?

वाइंडिंगवाले_काका: एक तुकडा त्याच संग्रहालयात आहे. मला वायरिंगमध्ये रस. टायमरच्या जोडणीची आकृती कुठे सापडली तर इथे टाक, झूम करून बघतो.