धर्म बदलणाऱ्याला आपण 'का?' विचारतो, की 'कोणी बदलवलं?'

रानवाट (धागालेखक)

गेल्या वर्षी माझे काका गेले. त्यांचा धाकटा मुलगा, माझा चुलतभाऊ, सहा वर्षांपूर्वी ख्रिस्ती झालाय. बातमी कळताच रात्रभर प्रवास करून तो पहाटे पोचला, तेव्हा तिरडी बांधून होत आली होती. थोरल्या आतेभावाला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मी मंत्र म्हणणार नाही दादा, पण बाबांना खांदा देऊ दे." दादा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "देव बदललास तेव्हाच बाप सोडलास. आता कशाला आलास?" भाऊ अंगणात अनवाणी उभा. चपला आधीच काढून ठेवलेल्या. त्या परत घालाव्यात की नाही, हेही त्याला सुचेना.

सहा वर्षांत आमच्या घरात त्याच्याबद्दल काय काय बोललं गेलं, ते मी ऐकलंय. किती पैसे मिळाले असतील? कोणी मुलगी आहे का? नोकरीचं काही असेल का? त्याला बसवून "बाबा रे, तुला तिथे काय सापडलं?" असं कोणीही विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

हे काही आजचं नाही. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' म्हणून गौरवलं. पुढे १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला आणि इकडे टीकेचा भडिमार झाला. त्यांची बाजू घ्यायला जोतीराव फुले उभे राहिले, १८८५ च्या 'सत्सार' या पुस्तिकेत. बाई शास्त्र जाणते हे मान्य, पण तेच शास्त्र वाचून ती वेगळ्या निर्णयाला येऊ शकते, हे मात्र बहुतेकांना मान्य नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच. सज्ञान माणसाने धर्म बदलला की आपण त्याची अक्कलच काढून घेतो. तो फसला किंवा विकला गेला, तिसरी शक्यता आपण धरतच नाही. तुम्हाला काय वाटतं?

रोखठोक

भावाबद्दल वाईट वाटलं. खांदा नाकारणं चूकच. पण एका हळव्या प्रसंगावरून सगळ्या धर्मांतरांचा निकाल लावू नका.

रमाबाईंचंच उदाहरण पुढे नेतो. १८८९ मध्ये त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडलं तेव्हा तिथे धर्मप्रचार होणार नाही असा शब्द दिला होता. त्या शब्दावर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळात बसले. मुली बाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसू लागल्याचं बाहेर आलं आणि १८९३ मध्ये दोघांनी अंग काढून घेतलं. अनेक पालकांनी मुली नेल्या. रानडे काही सनातनी नव्हते. त्यांचा आक्षेप रमाबाईंच्या श्रद्धेला नव्हताच. निराधार, कोवळ्या विधवा मुली जिच्या छपराखाली राहतात तिची श्रद्धा त्यांच्यावर किती दाब टाकते, हा प्रश्न होता. तो आजही आहे.

आमच्या वस्तीत एक आजी आहेत, रक्तदाब वाढलेला. दर रविवारी प्रार्थनेला जायला लागल्या. तिथे कोणीतरी सांगितलं, विश्वास असेल तर गोळ्या कशाला? त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि दोन महिन्यांत अर्धांगवायू. आता त्या आजींना मी "तुम्हाला काय सापडलं?" असं विचारू?

पिंपळपान

मी तिसऱ्या पिढीतला बौद्ध. आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात होते, पांढरे कपडे घालून, बैलगाडी आणि पायी मिळून चार दिवसांची वाट करून गेलेले. ते कधीच 'धर्मांतर' म्हणाले नाहीत, 'दीक्षा घेतली' म्हणायचे.

धागालेखकाचा प्रश्न आम्ही रोज झेलतो, फक्त शब्द वेगळे असतात. कार्यालयात कोणी नवा आला, गप्पा झाल्या, आडनावावरून अंदाज लागेना, मी बौद्ध आहे म्हणालो, की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे पूर्वीचे कोण?" पासष्ट वर्षं होऊन गेली तरी आम्ही 'नव'बौद्धच. माझ्या मुलीला शाळेत हा प्रश्न आला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. घरी येऊन म्हणाली, "पप्पा, पूर्वी म्हणजे कधी?"

आणि रोखठोक, धर्मांतर म्हटलं की 'लोभ' हा शब्द लगेच येतो, तो जपून वापरला जावा म्हणून सांगतो. बाबासाहेबांनी येवल्याला घोषणा केली १३ ऑक्टोबर १९३५ ला. प्रत्यक्ष दीक्षा एकवीस वर्षांनी. मधल्या काळात त्यांनी धर्मांची तुलना केली, ग्रंथ वाचले, १९३६ च्या मुंबईच्या महार परिषदेत लोकांसमोर धर्मांतराची ऐहिक आणि आध्यात्मिक, दोन्ही अंगं मांडली. माणसासारखं जगता यावं ही ऐहिक इच्छा आहे, तिची लाज कशाला? उलट दीक्षेमुळे आमचं नुकसान झालं. अनुसूचित जातीच्या केंद्राच्या सवलती बौद्धांना मिळाल्या १९९० मध्ये. चौतीस वर्षं आजोबा-वडिलांनी ती किंमत मोजली. हे आमिष म्हणायचं का?

निरांजन

इथे कोणी आईच्या बाजूने लिहिलं नाही म्हणून लिहिते.

माझ्या मुलीने तेविसाव्या वर्षी धर्म बदलला. कुठला ते सांगत नाही, कारण मग चर्चा त्या धर्मावर जाईल. ती शिकलेली, कमावती आहे. कोणी फसवलं नाही, हे मी तेव्हाच ओळखलं होतं. त्रास वेगळाच झाला. दिवाळीत ती आली, आणि मी फराळाचं ताट पुढे केलं तर म्हणाली, "आई, हे नैवेद्याचं आहे का? मग मला चालणार नाही." पुढच्या खेपेला म्हणाली, तुम्ही दगडाला हात जोडता, मला तुमच्यासाठी भीती वाटते. माझ्या सासूबाईंपासून आलेला देव्हारा, त्याला ती दगड म्हणाली.

मी तिला घराबाहेर काढलं नाही. नातेवाइकांशी भांडले. पण सहिष्णुता फक्त मीच दाखवायची का? तिच्या नव्या श्रद्धेचा मान मी ठेवते, माझ्या जुन्या श्रद्धेचा मान कोण ठेवणार? रानवाट, तुमच्या भावाने मंत्र म्हणणार नाही म्हटलं. काकांना मंत्र हवे होते की नको, ते कोणी विचारलं?

काळा कोट

कायद्याचं थोडं, कारण दोन्ही बाजू हवेत बोलताहेत.

घटनेच्या २५ व्या कलमात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. पण १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा मूलभूत हक्क येत नाही. त्या निकालाने ओडिशा आणि मध्य प्रदेशचे बळजबरीच्या धर्मांतराविरुद्धचे कायदे टिकले. रोखठोक यांच्या बाजूला हा निकाल आहे.

दुसरीकडे, हिमाचलच्या २००६ च्या कायद्यात धर्म बदलण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याची सक्ती होती. ती तिथल्या उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केली. मनात काय चाललंय ते सरकारला आधी सांगायला लावणं खाजगीपणावर घाला आहे, असं त्यामागचं तत्त्व. बळजबरी, फसवणूक, आमिष यांना शिक्षा असणं एक आणि सज्ञान माणसाने आधी परवानगी मागत फिरणं दुसरं. गोळ्या बंद करायला सांगणारा पहिल्या खणात येतो.

व्यवहारातलंही सांगतो, कारण पक्षकार हेच विचारतात. धर्म बदलला म्हणून वारसा जात नाही, १८५० च्या कायद्यापासून. मात्र हिंदू वारसा कायद्याच्या कलम २६ प्रमाणे धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांकडून वारसा मिळत नाही, वारसा खुला होताना ती हिंदू असतील तरच मिळतो. हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचं धर्मांतर घटस्फोटाचं कारण ठरू शकतं. म्हणजे किंमत कायद्यातही आहे, फुकट काही होत नाही.

कोकणकडा

तुम्ही सगळे आत येणाऱ्यांबद्दल बोलताय. मी बाहेर पडलेल्यांबद्दल लिहितो.

मी मुस्लिम घरातला. धर्म बदलला नाही, सोडला. नमाज, रोजे काही नाही. मोठे अब्बा दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. चुलत बहिणीच्या निकाहचं बोलावणं आलं नाही. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, तेव्हाही आतून आणि बाहेरून काय काय सोसलं ते ठाऊक असेलच. १९७७ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणताही धार्मिक विधी न करता दहन केलं. मेल्यावरही माणसाला आपलं म्हणणं सांभाळावं लागतं.

असहिष्णुता एका धर्माची मक्तेदारी नाही. ज्या घरातून माणूस निघतो त्या घराला लागतंच. पण लागणं वेगळं आणि दार लावणं वेगळं.

रोखठोक

पिंपळपान, तुमच्या आजोबांना मी लोभी म्हटलेलं नाही आणि म्हणणार नाही. नागपूरचं उघड होतं, दिवसाढवळ्या, लाखोंच्या साक्षीने, बावीस प्रतिज्ञा मोठ्याने म्हणून. मला खुपतं ते आडून केलेलं. आजारी माणसाच्या उशाशी बसून, कर्जबाजारी माणसाला शिधा देऊन.

तरी 'पूर्वीचे कोण' वाचून थांबलो. मी हा प्रश्न विचारलाय. एकदा नाही, बऱ्याचदा.

रानवाट

निरांजनताई, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. खरं आहे, काकांना काय हवं होतं ते कोणी विचारलं नाही. काका वारकरी होते. त्यांना मंत्रांपेक्षा अभंग हवे असते, आणि भजनी मंडळी आलीही होती. म्हणजे भावाच्या म्हणण्याआड काही येतच नव्हतं. पण तुमचा प्रश्न त्याहून मोठा आहे. आई-वडिलांच्या देवाला दगड म्हणणं ही श्रद्धा नाही, उर्मटपणा आहे. नवा धर्म लागलेल्या माणसाला सुरुवातीला फार ताप असतो. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त उलटी बाजू लिहिलीय. नवऱ्याने, म्हणजे कवी ना. वा. टिळकांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्या कितीतरी वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे त्याच घरात आल्या, तरी आपलं सोवळं सांभाळत होत्या. टिळकांनी घाई केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने. तुमच्या मुलीच्या अंगातला ताप उतरेलही. माझ्या भावाचा उतरला. पहिल्या वर्षी तोही मला नरकाबद्दल सांगायचा.

रोखठोक, शारदा सदनाबद्दल रमाबाईंचं म्हणणं होतं की मी माझ्या खोलीत प्रार्थना करते, दार उघडं असतं, कोणाला बोलावत नाही. तरी दाबाचा मुद्दा तुमचा बरोबर आहे, उघडं दारसुद्धा दाब टाकू शकतं. आजींच्या गोळ्यांबाबत तर वादच नाही. त्या माणसावर तक्रार व्हायला हवी. पण तिथेही आजींनाच विचारा. त्या रविवारी तिथे का जात होत्या? त्यांच्या घरी आठवडाभर त्यांच्याशी कोण बोलत होतं?

आणि जे परत येऊ बघतात त्यांचं काय, हेही बघा. १८४३ मध्ये श्रीपाद शेषाद्री हा ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांच्या घरी राहिला. वडिलांनी कोर्टातून परत आणला, बाप्तिस्मा झालेलाही नव्हता. तरी त्याला शुद्ध करून घ्यायला आपल्याच शास्त्र्यांनी आकांत केला आणि बाळशास्त्री जांभेकरांना त्या पोरासाठी भांडावं लागलं. शिवाजी महाराजांनी नेताजी पालकरांना १६७६ मध्ये परत घेतलं, त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनीही ही गत. जाणाऱ्याला शिव्या आणि येणाऱ्याला कडी, दोन्ही आपणच करतो.

रोखठोक

आजींना उद्या भेटतो. बोलायला त्यांना आता त्रास होतो, पण ऐकू येतं.

निरांजन

रानवाट, मुलीला हा धागा पाठवू का, याचा विचार करतेय. अजून धीर होत नाही. शेवटी तुमच्या भावाने खांदा दिला का, ते लिहिलं नाहीत.

रानवाट

नाही दिला. तो मागे पन्नास पावलांवर चालत आला, स्मशानाच्या फाटकापर्यंत. अनवाणीच. मी खांदा देणाऱ्यांत होतो, मागे वळून बघितलं नाही. वाटेत खांदा बदलायला थांबलो होतो तेव्हा त्याला हाक मारता आली असती. मारली नाही, म्हणून हा धागा काढला.

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. मी त्याला फोन केला. म्हणाला, "विधीला बसणार नाही, पण भजनाला येईन, टाळ धरीन." काकूला सांगितलं. ती म्हणाली, "टाळ माळ्यावर आहेत, काढून ठेव."