हसऱ्या, उत्साही माणसाला इंग्रजीत काय म्हणावं? सगळ्यांनाच 'हॅपी नेचर' नको

प्रश्न : झाडीपट्टीचा मास्तर (वडसा, जि. गडचिरोली)

सातवीच्या पोरांचं हस्तलिखित निघते आहे. त्यात दोन पानं इंग्रजीची, विषय 'आमच्या गावची माणसं'. मजकूर पोरांनीच लिहिलाय, पण ज्याला त्याला 'व्हेरी हॅपी नेचर' नाहीतर 'जॉली टाइप' लावून मोकळे झालेत. माणसं मात्र एकासारखी एक नाहीत. सहावीतली एक पोरगी, जिचं तोंडही थांबत नाही आणि पायही. सत्तरी ओलांडलेले आजोबा, खंजिरी हाती आली की उभ्यानं भजन म्हणणारे. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, नाटकातला विनोदी नट. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, सदा हसतमुख. शिवाय तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या, मिरवणुकीवर एक परिच्छेद. कुणाला कोणता शब्द शोभेल? उच्चारही सांगा, वाचन पोरंच करणार आहेत.

उत्तर : व्याकरणवाला, अकोट

सर, आधी वाक्य दुरुस्त करा, शब्द मग. 'शी इज हॅपी नेचर' याचा अर्थ ती स्वतःच 'स्वभाव' आहे असा होतो. 'इज' घ्यायचं तर पुढे थेट विशेषण: 'शी इज चिअरफुल'. 'नेचर' ठेवायचंच असेल तर 'हॅज' आणि 'अ': 'शी हॅज अ चिअरफुल नेचर'. सगळ्यात सहज इंग्रजी म्हणजे 'शी इज अ चिअरफुल वुमन'.

'हॅपी' स्वभावाला अपुरा पडतो. 'शी इज हॅपी' म्हटलं की वाचणारा विचारतो, कशामुळे? तो बहुतेक वेळा त्या घडीचा आनंद असतो. 'चिअरफुल' मात्र स्वभावालाही चालतो आणि आजच्या मूडलाही, म्हणून पोषण आहाराच्या ताईंना तोच द्या. स्पेलिंगमध्ये शेवटी एकच एल. 'चिअरफुली' केलं की दोन.

फक्त त्या दिवसाचा मूड सांगायचा तर 'इन अ गुड मूड' किंवा 'इन हाय स्पिरिट्स'. पहिल्यात 'अ' गळतो, दुसऱ्यात शेवटचा 'एस' गळतो. पोरांच्या वहीत या दोन चुका हमखास सापडतील.

उत्तर : पैनगंगेकाठची

वय आणि व्यक्ती पाहून शब्द निवडावा लागतो, शब्दकोशात ते दिसत नाही.

पोरीला 'लाइव्हली'. शेवटी 'एलवाय' आहे म्हणून मुलं त्याला क्रियाविशेषण समजतात आणि 'शी टॉक्स लाइव्हली' लिहितात. ते चूक. हे विशेषण आहे: 'अ लाइव्हली गर्ल', 'शी टॉक्स इन अ लाइव्हली वे'. 'लाइव्ह' वेगळा, तो थेट प्रक्षेपणाचा. 'बबली'ही तिला चालेल, पण तो बोलण्यातला शब्द आहे आणि जास्त करून मुली-बायकांनाच लावतात. 'व्हिव्हेशस' हा बहुतेक वेळा मोठ्या, आकर्षक, उत्साही स्त्रीच्या वर्णनात येतो, त्यामुळे अकरा वर्षांच्या पोरीला नको. बोलताना हातवारे आणि चेहरा दोन्ही चालत असतील तर 'ॲनिमेटेड' फार नेमका आहे: 'शी बिकम्स ॲनिमेटेड व्हेन शी टेल्स अ स्टोरी'.

आजोबांना 'स्प्राइटली'. वय झालं तरी अंगात चपळाई आहे, एवढा सगळा अर्थ त्या एका शब्दात येतो, म्हणूनच तो सहसा तरुणाला लावत नाहीत. वाक्य असं करा: 'अ स्प्राइटली मॅन इन हिज सेव्हन्टीज'. खंजिरीचं 'ड्रम' करून टाकू नका. 'खंजिरी' तसंच ठेवून पुढे 'अ स्मॉल हँड ड्रम विथ जिंगल्स' जोडा.

चारचौघांत हसवणारा, दिलखुलास मोठा माणूस असेल तर 'जोव्हिअल'. हा शब्द जोव्ह म्हणजे रोमन देव ज्युपिटर याच्यावरून आला. गुरू ग्रहाखाली जन्मलेला माणूस आनंदी असतो, अशी तिकडच्या ज्योतिषात समजूत होती.

झाडीपट्टीचा मास्तर

ताई, पोरीचं आणि आजोबांचं काम झालं. एका पोरानं शब्दकोशातून 'मेरी', 'गे', 'इबुलियंट', 'एफरव्हेसंट' उतरवून आणलेत. ठेवू काय?

उत्तर : व्याकरणवाला, अकोट

'गे' नको. जुन्या कवितांत तो 'आनंदी' या अर्थानं भेटतो, आज त्याचा अर्थ समलिंगी. 'मेरी' ख्रिसमसच्या शुभेच्छांत ठीक, पण ब्रिटिश बोलीत थोडी चढलेल्या माणसालाही 'मेरी' म्हणतात, भजनी आजोबांना तो लावू नका. 'इबुलियंट' आणि 'एफरव्हेसंट' या दोन्हींच्या मुळाशी लॅटिनमधलं 'उकळणं' आहे, म्हणजे उत्साह उतू जाणारा. शब्द चांगले, पण सातवीच्या साध्या वाक्यांत ते उपरे दिसतील. एखादा भारी शब्द हवाच असेल तर मिरवणुकीसाठी 'इग्झ्यूबरंट' घ्या. स्पेलिंगमध्ये एक्सनंतर थेट यू, मुलं मध्ये एच घुसवतात.

'फ्रँक'ही कुठे असेल तर तपासा. आपण तो मनमोकळ्या माणसाला लावतो, इंग्रजीत तो तोंडावर स्पष्ट बोलणारा.

उत्तर : रंगमंचामागचा

नटाबद्दल. 'फनी' म्हणजे हसवणारा, पण 'विचित्र'सुद्धा. 'फन' म्हणजे ज्याच्या संगतीत मजा येते. रंगमंचावरच्या हजरजबाबीपणासाठी 'विटी' सगळ्यात बरा, कारण झाडीपट्टीचा विनोदी नट समोरच्या प्रेक्षकांवरून जागच्या जागी संवाद जुळवतो. 'ही इज अ विटी ॲक्टर' एवढ्यावर न थांबता पुढे लिहा: 'ही मेक्स अप लाइन्स अबाउट द पीपल इन द फ्रंट रो'. गुण पटतो तो कृतीमुळे. ताईंचंही तसंच: 'शी सर्व्हज द खिचडी अँड ग्रीट्स एव्हरी चाइल्ड बाय नेम'. हे वाक्य असलं की 'व्हेरी' लावायची गरजच राहत नाही.

तान्ह्या पोळ्याला 'जॉली क्राउड' लिहू नका. गर्दीला 'लाइव्हली' किंवा 'फेस्टिव्ह'. धक्काबुक्की, आरडाओरडा दाखवायचा तर 'बॉइस्टरस', पण त्यात किंचित तक्रारीचा सूर आहे. पहिलं वाक्य असं चालेल: 'द लेन वॉज लाइव्हली विथ चिल्ड्रन पुलिंग देअर वुडन बुल्स फ्रॉम हाउस टू हाउस'. 'ऑक्स' घेतलात तर अनेकवचन 'ऑक्सन' होतं, 'ऑक्सेस' नाही.